बारकी मासोळी आणि रात्रीचा काठ

वर्धा जिल्ह्याला खारं पाणी नाही. मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर, आणि इथलं पाणी तर त्या दिशेला वाहतही नाही. धाम, बोर, वणा, यशोदा या नद्यांचं पाणी शेवटी वर्धेत जातं, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे निघते. मिठाशी जिल्ह्याचा संबंध आला तो राजकारणातून. स्वराज्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून गांधीजी १९३० साली दांडीला निघाले, आणि १९३६ मध्ये सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. तरीही रात्री होडीविना काठावर बसून बारकी मासोळी धरण्याचा जो उद्योग कोकणच्या खडकांवर चालतो, तोच पुलगावला वर्धेच्या काठी, हिंगणघाटला वणेच्या काठी आणि धरणांच्या भिंतींखाली चालतो. दोन्हीकडे लागतो अंधार, थोडा उजेड आणि पुष्कळ धीर. फरक आहे तो पाण्याच्या मालकीत आणि पाण्याच्या वेळापत्रकात. या धंद्याचं पुढे काय होणार, हेही त्या दोन गोष्टींवरच ठरतं.

रात्रच का, याचं उत्तर माशांच्या पोटात आहे. लहान मासा दिवसा उघड्या पाण्यात आला की बगळा, खंड्या, पाणकावळा आणि मोठा मासा हे चारही त्याच्यावर टपलेले. पाण्यातले सूक्ष्म जीव दिवसा खोल जातात आणि अंधार पडला की वर येतात. त्यांच्यामागे बारकी मासोळी उथळात येते आणि तिच्यामागे तिला खाणारे. काही मासे तर मुळातच रात्रीचे. वाम दिवसभर वाळूत किंवा दगडाच्या सांदीत दडून असते. मागूर आणि शिंगाडा मिशांनी चव घेत गाळ चाचपडत फिरतात, त्यांना डोळ्यांची फारशी गरजच नसते. गांडूळ लावलेली गरी तळाला टेकली आणि तास अर्धा तास कुणी हलवली नाही, की बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी येतो.

उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांना भिडतो, नदीची धार तुटते आणि मासे डोहात अडकतात. पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू देतात आणि रात्रभर तो वापरतात, त्यामुळे पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा वेळी मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. पहाटे तीन-चारला डोहावर जाणारा माणूस हे पुस्तकातून शिकलेला नसतो, पण त्याची वेळ चुकत नाही.

कोकणात हेच गणित चंद्रावर बसवलेलं असतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अवस आणि पुनवेच्या सुमारास उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग लागतो, पाणी कमी चढतं आणि कमी ओसरतं. खडकावरून गरी टाकणारा आधी तिथी बघतो, मग आभाळ. भरतीच्या पाण्याबरोबर तांबोशी, गोब्रा, शिंगाळा खडकांच्या कपारींपर्यंत येतात. खाडीच्या तोंडाशी बोय आणि शेवटे फिरतात, त्यांच्यासाठी पाग, म्हणजे फेकजाळं. काळोखी रात्र उजेड लावणाऱ्याला हवी असते, कारण चांदण्यात त्याच्या बत्तीला पाण्यात कोण विचारतो? मालवण, वेंगुर्ला, शिरोडा या पट्ट्यात आणि गोव्यात रापण हा याच किनारी मासेमारीचा सामुदायिक अवतार. पाण्यात अर्धवर्तुळाकार जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी वाळूवरून ओढायची. त्यात येणारा माल म्हणजे तारली, पेडवे, बांगडे. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. बारक्या माशाचं अर्थशास्त्र मुळात असं वाट्याचं आहे.

वर्ध्यात तिथीपेक्षा पाटबंधारे खातं महत्त्वाचं. आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाची भिंत आहे, महाकाळीला धाम नदीवरचं धरण, सेलू तालुक्यात बोर. वरून पाणी सोडलं की खालच्या पात्रात तासाभरात भरती, दरवाजे बंद झाले की ओहोटी. या भरतीला पंचांग नाही, भोंगा आहे. दरवाजे बंद झाल्यावर भिंतीखालच्या खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात मासे अडकतात, म्हणून माणसं तिथेच जातात; आणि पाणी सोडल्यावर सगळ्यात आधी धोका येतो तोही तिथेच. काठावरच्या भोई, ढिवर आणि कहार कुटुंबांना हे पिढ्यांपासून ठाऊक आहे असं म्हणणं सोपं आहे. खरं तर धरणंच दोन पिढ्यांची आहेत. हे शहाणपण नवं आहे, आणि त्याची किंमत मोजून आलेलं आहे.

हातातली हत्यारं साधी असतात. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, बारीक गरी. काठी चिखलात तिरपी रोवायची, टोकाला घुंगरू बांधायचं आणि बिडी पेटवून मागे बसायचं. घुंगरू एकदाच किणकिणलं तर झिंगा आमिष कुरतडतोय, सलग वाजलं तर मासा. शिंगाडा गरीला लागला तर घाईने पकडायचा नाही. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा करवतीसारखा असतो, तो हातात शिरला की रात्रभर ठणकतो. कल्ल्यांच्या मागे, काट्यांच्या आत बोटं अडकवून त्याला उचलावं लागतं.

झिंग्यांची तऱ्हा वेगळी. दिवसा दगडाखाली आणि शेवाळात बसलेले झिंगे रात्री घोटाभर पाण्यात येतात. बॅटरी उभी धरली तर पाण्याशिवाय काही दिसत नाही. पाण्याच्या जवळ आडवी धरली की तळावर जोडीजोडीने तांबूस ठिपके पेटतात. ते झिंग्यांचे डोळे. आता नवखा माणूस समोरून हात घालतो आणि रिकामा हात बाहेर काढतो, कारण घाबरलेला झिंगा शेपटीचा फटका मारून मागे उसळतो. म्हणून झोळी त्याच्या मागे धरायची आणि पुढून काडीने डिवचायचं. तो आपणहून झोळीत शिरतो. घरातली दहा-बारा वर्षांची मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. पहाटेपर्यंत पसाभर झिंगे जमले तर सकाळी वांग्यात पडतात, जास्त जमले तर वाळवणात.

या सगळ्या धंद्याचा उत्सव एकाच आठवड्यात येतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो, नाले गढूळ होऊन वाहू लागतात आणि अंडी घालायला मासे पाण्याच्या उलट दिशेने चढतात. रायगड, ठाणे, पालघरकडे याला वलगण म्हणतात, बाकी महाराष्ट्रात चढणीचे मासे. रात्री माणसं बत्ती, पाग, झोळी, काठी, नाहीतर नुसता कोयता घेऊन बांधावर निघतात. बत्तीभोवती पाखरं जमतात, पाण्यात पडतात, त्यांना खायला मासे येतात. त्या रात्रीचा मासा पोटभर अंड्यांचा असतो, म्हणून चवीला सर्वांत चांगला, आणि नेमका त्याच कारणासाठी तो धरू नये असं मत्स्यखातं सांगतं. एक मादी म्हणजे हजारो अंडी, हा हिशेब खोटा नाही. पण पूर्वीच्या वलगणीत दिव्याला रॉकेल लागायचं, टेंभा पावसात विझायचा आणि माणूस दमायचा. निसर्गाला तेवढी उसंत मिळायची. आज डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि रात्रभर टिकते. माणसाची हाव तीच असेल, दमणं मात्र संपलं आहे.

उजेड दाखवून मासा धरणं नवं नाही, आणि ते फक्त समुद्रावरचंही नाही. जपानमध्ये गिफू शहराजवळ नागारा नदीत पाणकावळ्यांकडून मासे धरवण्याची परंपरा तेराशे वर्षांहून जुनी आहे. होडीच्या तोंडाशी लोखंडी टोपलीत लाकडं पेटवतात, उजेडाने दचकलेले आयु मासे हलतात आणि दोरीला बांधलेले पाणकावळे ते टिपतात. ११ मे ते १५ ऑक्टोबर असा त्याचा हंगाम. शरद ऋतूतल्या पौर्णिमेला मात्र सुट्टी. आफ्रिकेतलं तांगानिका सरोवर समुद्रापासून दूर, वर्ध्यासारखंच आत. तिथे सार्डिनच्या कुळातला बोटभर मासा रात्री दिवे लावून धरतात आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री होड्या काठालाच राहतात. हा मासा १९६७-६८ मध्ये झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या करिबा धरणात नेऊन सोडला, आणि तिथेही रात्रीच्या दिव्यांवर चालणारा मोठा धंदा उभा राहिला. या सगळ्या ठिकाणी चंद्राने सक्तीची रजा घालून दिलेली आहे. चांदण्यात दिवा निकामी, म्हणून मासा वाचतो.

ही रजा जिने रद्द केली ती बोटीवरची एलईडी. जनरेटरवर चालणारे दिव्यांचे झोत पाण्यावर सोडले की चांदणं असो नसो, आसपासची सगळी मासळी एका जागी येते आणि पर्ससीनचं जाळं ती एकदम घेरतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे की रात्री क्षितिजावर दिवे दिसतातच. रापणीला तारली कमी येण्याचं सगळं खापर एलईडीवर फोडता येणार नाही. तारलीची संख्या समुद्राच्या तापमानाबरोबर आणि प्रवाहांबरोबरही प्रचंड वरखाली होते. केरळने २०१२ चा उच्चांक आणि नऊ वर्षांनी आलेला नीचांक दोन्ही पाहिले. पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या बत्तीला आणि बोटीवरच्या झोताला एकाच शब्दात ‘प्रकाशझोतातली मासेमारी’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे. एकाचा आवाका घोटाभर पाण्याचा, दुसऱ्याचा अख्ख्या थव्याचा.

वर्ध्यात एलईडीच्या बोटी नाहीत. इथला झोत वेगळा आहे, तो विजेचाच, पण तारेतून पाण्यात सोडलेला. शेतातल्या खांबावरून आकडा टाकायचा, नाहीतर बॅटरी आणि इन्व्हर्टर पाठीवर घ्यायचा, पाण्यात प्रवाह सोडायचा आणि उलटे झालेले मासे गोळा करायचे. अंडी, पिल्लं, बेडूक, झिंगे, काही शिल्लक राहत नाही. दरवर्षी पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या नाल्यात असा प्रवाह सोडणाराच मरतो आणि बातमी आतल्या पानावर येते. १८९७ च्या इंडियन फिशरीज अ‍ॅक्टने सुरुंगाला आणि विषाला बंदी घातली. विजेचा विचार तेव्हा कोण करणार! त्याच्या जोडीला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आहेत, ज्यातून पाण्याशिवाय काही सुटत नाही. काठावरच्या गरीला आणि झोळीला दोष देण्याआधी या दोघांचा बंदोबस्त व्हायला हवा. हुकूम मात्र बहुतेक वेळा गरीवाल्यालाच बजावला जातो, कारण तो पळत नाही.

रात्रीचा काठ वर्ध्यात तसाही संशयाचा. जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि मोहाच्या हातभट्ट्या नदीनाल्यांच्या काठीच लागतात, म्हणून पोलिसांच्या धाडीही तिथेच. वाळूघाटांवर रात्री ट्रॅक्टर आणि टिप्पर, त्यांच्या मागावर महसूलची पथकं. त्यामुळे रात्री दोन वाजता वर्धेच्या पात्रात हलणारा दिवा वाळूचोराचा, भट्टीवाल्याचा की झिंगेवाल्याचा, हे लांबून सांगता येत नाही. वाळूउपशाचा दुसरा त्रास अधिक गंभीर. ज्या उथळ, वाळूच्या, संथ पाण्यात बारकी मासोळी वाढते तेच पात्र खरवडलं जातं आणि जागोजागी पुरुषभर खड्डे पडतात. अंधारात पाय ठेवणाऱ्याला ते दिसत नाहीत.

मग पाणी कुणाचं? धरणं आणि तलाव मत्स्यसहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात. संस्था कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडते, म्हणून त्या माशांवर तिचा हक्क. बोटुकली कुणीही न सोडता आपोआप वाढणारी बारकी मासोळी कागदावर कुणाचीच नाही. उलट मत्स्यशेतीच्या शिकवणीत ती नकोशीच. कार्पचं बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून तळ्यातले आधीचे मासे मारून टाकायचे, ही वर्षानुवर्षं दिलेली शिफारस आहे. पेंडीतलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर मारा करतं, आणि विष उतरल्यावर पेंडीचं खत होतं. तांत्रिकदृष्ट्या सोयीचा उपाय. ज्या मोहाची फुलं विदर्भाने खाल्ली, त्याच्याच बियांच्या पेंडीने इथले देशी मासे मारले जातात, ही गोष्ट कुणाला फारशी खटकलेली दिसत नाही.

ती खटकायला हवी, कारण घरातल्या ताटाच्या दृष्टीने हिशेब उलटा आहे. रोहूचा तुकडा खाताना काटे आणि डोकं बाजूला पडतं. बोटाएवढा मासा डोक्यासकट, काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्व पोटात जातं. बांगलादेशात मोला नावाच्या अशाच बारक्या माशावर शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी अनेक वर्षं काम केलं. कार्पच्या तळ्यात मोला मारून न टाकता सोबत वाढवला तर विक्रीचा मासा कमी होत नाही आणि घरच्यांना रोजचं कालवण मिळतं, हे दाखवून दिलं. २०२१ चा वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळाला. आपल्याकडे २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी समुद्रातल्या पन्नासहून अधिक जातींसाठी किमान आकाराचे नियम आले. गोड्या पाण्यातल्या बारक्यांच्या वाट्याला असलं कौतुक अजून आलेलं नाही.

बोर धरणाचा प्रश्न तिसराच. १९७० मध्ये बोर अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. भोवतालच्या रानात वाघ आणि समोर मासे, मध्ये वन्यजीव कायदा. शेजारच्या पेंच व्याघ्रप्रकल्पात तोतलाडोह जलाशयावरून हाच झगडा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९७ च्या निकालात मध्य प्रदेशच्या बाजूच्या विस्थापित आदिवासींना दिलेले ३०५ परवाने अटींसह मान्य झाले आणि राष्ट्रीय उद्यानात जगण्याचा हक्क की जंगलाचं संरक्षण, हा पेच कागदावर स्पष्ट झाला. सुटला नाही. रात्री काठावर बसणाऱ्याच्या बाबतीत वनखात्याची भीती समजण्यासारखी आहे, कारण अंधारात गरी आणि फासा यांत फरक करता येत नाही. पण सरसकट बंदीने चोरटा विजेवाला थांबत नाही, उघड बसणारा गरीवाला तेवढा उठतो.

खाऱ्या पाण्याचा धागा मात्र वर्ध्यापासून अगदीच तुटलेला नाही. गोदावरी खोऱ्यातला एक मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, नदीत वाढतो पण त्याच्या अळ्यांना पहिले काही आठवडे निमखारं पाणी लागतं. माद्या पुराबरोबर खाडीकडे उतरतात आणि बोटाएवढी पिल्लं काठाकाठाने, बहुतेक रात्री, शेकडो किलोमीटर वर चढतात. पूर्वी वाट मोकळी होती. १८५२ मध्ये इंग्रज अभियंता आर्थर कॉटनचा गोदावरीवरचा धवलेश्वरमचा बंधारा पुरा झाला, नंतर वरच्या बाजूला आणखी बंधारे आले, आणि २०१९ मध्ये प्राणहितेच्या संगमाखाली मेडिगड्ड्याचा बॅरेज. झिंग्याला भिंत चढता येत नाही असं नाही, ओल्या दगडावरून तो थोडंफार सरपटतो. पण इतक्या भिंती त्याला झेपत नाहीत. धरणात आज जे बारके झिंगे दिसतात ते बहुतांशी गोड्या पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या जातींचे.

काठावर बसणाऱ्यासाठी नियमांपेक्षा आधी जीव. मण्यार रात्रीच फिरते, घोणस पाण्याकाठच्या गवतात असते. गमबूट आणि पायाखालचा उजेड ही चैन नव्हे. चावलं तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट रुग्णालय. जूनमधल्या रात्री विजांच्या असतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा मोबाइलवर देतं. धरणाखाली बसायचं तर दरवाजांची चौकशी आधी करायची.

नियम कुणी करायचे, याचं एक उत्तर पूर्व विदर्भातून येतं. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजातल्या लोकांनी, त्यातही बायकांच्या गटांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत देशी मासे परत आणण्याचं काम केलं आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावाच्या तळातली बेशरमीची झुडपं उपटायची, तळ नांगरायचा, पावसाळ्यात पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती हाताने लावायच्या, म्हणजे माशांना अंडी चिकटवायला आणि पिल्लांना लपायला जागा होते. हे करणाऱ्यांनी मोहाची पेंड वापरायची की नाही हे आपणच ठरवलं, कारण तलाव त्यांच्या मत्स्यसंस्थेकडे होता. वर्ध्यात असे जुने तलाव कमी, धरणं जास्त, आणि धरणाच्या तळाची मालकी पाटबंधारे खात्याकडे. म्हणजे इथे एखाद्या मत्स्यसंस्थेला धामच्या एका फाट्यावर मृगाच्या पहिल्या आठ रात्री बत्ती बंद ठेवायची असली, तरी तो ठराव कुठल्या खात्याच्या टेबलावर मांडायचा, हे आधी ठरवावं लागेल.